उभ्या इलेक्ट्रिक ट्रकची बॅटरी उतरते: नेमकी वीज कोण खाते?

वाटसरू

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक ट्रक वापरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे इलेक्ट्रिक पिकअप आहे, बॅटरी साधारण १३० युनिटची. कामाच्या दिवशी तो भरपूर पळतो, पण दोन कामांच्या मध्ये बरेच दिवस नुसता उभा असतो, आणि उभ्या जागी दिवसाला तीन ते चार टक्के उतरतो. जिथे उभा करतो तिथे चार्जर नाही. आठवडाभर हलला नाही तर पाव बॅटरी गेलेली असते. दूरच्या खेपेला निघताना हा पाव भाग फार महत्त्वाचा असतो.

कॅमेऱ्यांचा पहारा बंद केला आहे. उन्हात केबिन तापू नये म्हणून असलेली सोय बंद आहे. ठरलेल्या वेळी केबिन तयार ठेवण्याचे वेळापत्रकही काढून टाकले आहे. या सगळ्याने फरक नक्की पडला. वर लिहिलेले तीन-चार टक्के हे सगळे बंद केल्यानंतरचे आहेत. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे, "इलेक्ट्रिक गाडीत एवढे चालायचेच." मला ते पटत नाही. चाक एक इंचही फिरलेले नसताना एवढी वीज जाते कुठे, हे कळायलाच हवे.

घरच्या घरी, मोठी यंत्रसामग्री न वापरता, हे शोधता येईल का?

ओहम

येईल. आधी टक्क्यांचे वॉट करून घेऊ, कारण टक्क्यांत काहीच समजत नाही. १३० युनिटचे साडेतीन टक्के म्हणजे साडेचार युनिट. ते २४ तासांवर पसरले की सरासरी १९० वॉट येतात.

हा आकडाच बरेच काही सांगतो. गाढ झोपलेल्या ट्रकला इतके वॉट लागत नाहीत. त्याचे काम मोजक्या वॉटमध्ये भागते. उलट कोणी आत बसलेले नाही, एसी बंद, पण कंप्युटर जागे, अशा ट्रकला दोन-तीनशे वॉट सहज लागतात. म्हणजे तुमचा ट्रक दिवसातला बहुतेक वेळ जागा आहे. तुम्ही एकेक सोय बंद करत गेलात ते ठीकच, पण आता प्रश्न बदला: त्याला झोपू कोण देत नाही?

हे समजायला आतली रचना थोडी माहीत हवी. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी, चारशे किंवा आठशे व्होल्टच्या घरातली, आणि छोटी, बहुतेक ट्रकांत १२ व्होल्टची (टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ही बाजू ४८ व्होल्टची आहे). ट्रक झोपतो तेव्हा मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे-तोडणारे विजेचे स्विच) उघडतात आणि ती बाकीच्या गाडीपासून पूर्ण तुटते. दारांची कुलुपे, किल्ली ओळखणारा रिसीव्हर, मोडेम, अलार्म, सगळे छोट्या बॅटरीवर चालते. छोटी खाली आली की ट्रक जागा होतो, काँटॅक्टर ओढतो, डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीच्या विजेने छोटी भरणारे उपकरण) चालू करतो, छोटी भरतो आणि पुन्हा झोपतो.

खरी मेख पुढे आहे. समजा पाच वॉटचे एखादे उपकरण ट्रकला झोपू देत नाही. तर खर्च पाच वॉटचा होत नाही. काँटॅक्टरच्या कॉइल धरून ठेवायला वीज लागते. किलोवॉटमध्ये काम करायला बनवलेला कन्व्हर्टर इतक्या कमी लोडवर फार वाया घालवतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस, गाडीतल्या यंत्रणांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा गेटवे, स्क्रीनमागचा कंप्युटर, अधूनमधून कूलंटचा पंप हे सगळे सोबत जागतात. पाच वॉटच्या पाहुण्यासाठी दोनशे वॉटचे घर जागे राहते. म्हणून "हे उपकरण किती वॉटचे" यापेक्षा "हे ट्रकला जागे ठेवते का" हे विचारले पाहिजे.

आता एक सांगा: तुम्ही टक्के कसे बघता? ॲप उघडून?

वाटसरू

हो, ॲपवरच. सकाळी आणि रात्री बघतो. शिवाय फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर विजेट आहे, त्यात टक्के सतत दिसतात.

ओहम

ते विजेट आजच काढा. काही गाड्यांचे ॲप सर्व्हरवर साठवलेला शेवटचा आकडा दाखवते, काहींचे थेट गाडीला हाक मारते. हाक मारली की ट्रक उठतो, सगळे कंट्रोलर (वेगवेगळी कामे सांभाळणारे छोटे कंप्युटर) चालू होतात, आणि पुन्हा झोपायला पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ घेतो. विजेट ठरावीक अंतराने ताजी माहिती मागत असेल तर झोप लागायच्या आतच पुढची हाक येते.

मोजायची पद्धत अशी. ट्रक उभा करा, आत बसूनच स्क्रीनवरचे टक्के आणि किलोमीटर लिहून ठेवा. कुलूप लावा. किल्ली आणि फोन दूर न्या. मग निदान दोन-तीन दिवस ॲप उघडू नका, दार उघडू नका, जवळ फिरकूही नका. नंतर पुन्हा आत बसून स्क्रीनवरचा आकडा बघा. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. स्क्रीनवर पूर्णांकच दिसतो, त्यामुळे ७१ चे ७० झाले तर प्रत्यक्षात पाव टक्का गेला असेल किंवा पावणेदोन. जास्त दिवसांचा आकडा भागला की ही चूक आपोआप बारीक होते.

निशिगंध

ओहम यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यात एक भर. फक्त तुमचा फोन नाही, ज्या ज्या फोनवर ट्रकचे खाते आहे ते सगळे तपासा. घरातल्यांचे फोन, जुना टॅबलेट, मनगटावरचे घड्याळ. त्याहून महत्त्वाचे: प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या, आलेख काढून देणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या सेवा. एकदा परवानगी दिली की त्या रात्रंदिवस गाडीला विचारत राहतात, फोनवरून त्यांचे ॲप उडवले तरीही. परवानगी फोनमध्ये नसते, खात्यात असते. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या सेवा काढा, तशी यादी दिसत नसेल तर पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा. काही सेवा चांगल्या आहेत, गाडी झोपली की स्वतः गप्प बसतात, पण शोध चालू असेपर्यंत सगळ्याच बंद असलेल्या बऱ्या.

किल्लीचेही तसेच. ब्लूटूथ किल्ली किंवा फोन ट्रकच्या टप्प्यात असेल तर ट्रकला वाटते मालक आला. भिंतीच्या एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला खुंटीवर किल्ली, अशी मांडणी असेल तर किल्लीची जागा बदला.

आमचा ट्रक आता दिवसाला एक टक्क्याहून कमी उतरतो. एक शंका मलाही आहे: लिथियम बॅटरी स्वतःहूनही उतरते ना? मग त्यातले किती नैसर्गिक मानायचे?

ओहम

निशिगंध, लिथियम सेलचे स्वतःहून उतरणे फार संथ असते, महिन्याला एखाद-दोन टक्के. दिवसाच्या हिशेबात ते दिसतही नाही. जे दिसते ते इलेक्ट्रॉनिक्सचे खाणे. टेस्लाच्या पुस्तिकेत उभी गाडी दिवसाला साधारण एक टक्का उतरेल असे म्हटले आहे. १३० युनिटच्या ट्रकला एक टक्का म्हणजे ५४ वॉट सरासरी. चोवीस तास जोडलेले मोडेम आणि अधूनमधून छोटी बॅटरी भरणे हे सगळे धरून त्याच्या आत राहता आले तर मी ते चांगले मानतो.

घाटवाट

एवढी शोधाशोध कशाला? चार्जिंगची मर्यादा ७० टक्क्यांवर ठेवा, प्लग लावून ठेवा, विसरून जा. उत्पादकही तेच सांगतात.

वाटसरू

घाटवाट, प्लगची सोय असती तर तसेच केले असते. पण वीज भिंतीतून गेली तरी ती गेलीच की. मला गळती थांबवायची आहे, ती झाकायची नाही.

घाटवाट

मुद्दा मान्य. तरी ज्यांच्याकडे प्लग आहे त्यांनी लावून ठेवावाच. उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत ट्रकला बॅटरीचे तापमान सांभाळायचे झाले तर ते भिंतीच्या विजेवर होते, आणि छोटी बॅटरीही उपाशी राहत नाही.

ओहम

लावून ठेवण्यातही एक खाच आहे, तीही नोंदवतो. काही स्मार्ट चार्जर वेळापत्रक पाळण्यासाठी, किंवा छतावरच्या सोलरची वीज पाहून, पुरवठा सारखा चालू-बंद करतात. चार्जर आणि ट्रक यांच्यात कंट्रोल पायलट नावाची एक तार असते. तिच्यावरचा सिग्नल बदलला की ट्रकला वाटते आता चार्जिंग सुरू होणार, आणि तो उठून बसतो. ढगाळ दिवशी असे किती वेळा होईल याचा नेम नाही. त्यामुळे वेळापत्रक चार्जरमध्ये किंवा ट्रकमध्ये, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी ठेवा.

आणि थोडे थोडे चार्ज करण्यापेक्षा एकदम करा. चार्जिंग चालू असताना ऑनबोर्ड चार्जर, पंप आणि कंप्युटर यांचा ठरावीक खर्च असतोच. दीड किलोवॉटच्या साध्या सॉकेटवर त्या खर्चाचा वाटा मोठा असतो. सात-अकरा किलोवॉटवर तोच खर्च कमी तासांत संपतो.

मालवाहू

मी मोठ्या मालवाहू ट्रकांच्या देखभालीत आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे टक्के अजूनच फसवे असतात. मर्सिडीजच्या ईॲक्ट्रोस ६०० वर ६२१ युनिटची बॅटरी आहे, व्होल्व्होच्या एफएच इलेक्ट्रिकवर ५४० युनिटपर्यंत. तिथे एक टक्का म्हणजे पाच-सहा युनिट. शनिवारी-रविवारी उभा राहून ट्रक एक-दोन टक्के उतरला तर ड्रायव्हरला ते दिसतही नाही, पण तेवढ्या विजेत छोटी कार पन्नासेक किलोमीटर जाते.

या ट्रकांत छोटी बाजू २४ व्होल्टची असते, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून. आमचा पहिला संशय नेहमी त्यांच्यावर. कोणीतरी रेडिओ किंवा मोबाइल चार्जर बसवताना २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतो. मग एक बॅटरी सतत उतरत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, दोन्ही लवकर मरतात, आणि ट्रक छोटी बाजू भरायला पुन्हा पुन्हा जागा होतो. ट्रक तासनतास उभा राहिल्यावर दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. बऱ्यापैकी फरक दिसला तर जोडणी शोधायला घ्या. १२ व्होल्ट हवेच असतील तर कन्व्हर्टर बसवून घ्या.

दुसरे म्हणजे मागून बसवलेल्या वस्तू: टेल-लिफ्ट (माल चढवायचा-उतरवायचा मागचा फळा), ट्रॅकर, हौद्यातले दिवे, मागचा कॅमेरा, शीतपेटीचा कंट्रोलर. मूळ ट्रक बनवणारा झोपेचा हिशेब करून बनवतो. वर चढवलेल्या वस्तूंचा हिशेब कोणी केलेला नसतो. फिटर सोपी म्हणून कायम चालू असलेली तार पकडतो. ती इग्निशनच्या मागची, म्हणजे ट्रक बंद केला की वीज जाणारी, असायला हवी होती. टेल-लिफ्टचा केबिनमधला स्विच रात्री बंद करणे ही आमच्याकडे पार्किंगच्या यादीतली पहिली ओळ आहे.

वाटसरू, तुमच्या पिकअपवर मागून बसवलेले काय काय आहे?

वाटसरू

मालवाहू, धन्यवाद, हे ध्यानातच आले नव्हते. ट्रक मी वापरलेला घेतला. आधीच्या मालकाने हौद्यावर मोटरने सरकणारे झाकण बसवले आहे, पुढे डॅशकॅम आहे, आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष तपासायचे यंत्र जोडतात तिथे) एक छोटी डबी खुपसलेली आहे, बहुधा प्रवासाची नोंद ठेवणारी. तिचे ॲप माझ्याकडे नाही, त्यामुळे तिच्याकडे लक्ष गेले नव्हते.

विजेट काढले, घरातल्या सगळ्या फोनवरून ॲप बंद केले, किल्ली आतल्या खोलीत नेली. ओहम यांनी सांगितले तसे काही दिवस हात न लावता ट्रक उभा ठेवतो. डबी आणि बाकीचे मुद्दाम तसेच ठेवतो, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल.

पाना_बारा

ही शिस्त आवडली. लोक एका दिवसात दहा गोष्टी बदलतात आणि मग कोणती लागू पडली ते कधीच कळत नाही.

ओबीडीतल्या डबीवर माझा दाट संशय आहे. ती स्वतः एखाद-दुसरा वॉट खाते, पण काही डब्या थेट कंट्रोलरांना प्रश्न विचारत राहतात: वेग किती, टक्के किती, तापमान किती. गाडीच्या कॅन बसवर (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांवर) हालचाल असेपर्यंत गेटवे झोपत नाही, आणि गेटवे झोपला नाही की त्याच्यामागचे कोणी झोपत नाही.

तरी नुसत्या संशयावर थांबू नका, मोजा. वर्कशॉपमध्ये मी कसे करतो ते लिहितो. मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर घरी जमेल.

एक. फक्त छोट्या बॅटरीच्या बाजूने काम करायचे. नारिंगी आवरणाच्या तारा, त्यांचे कनेक्टर, त्यांची झाकणे यांना हात लावायचा नाही. तिथे जीव जाईल इतके व्होल्ट असतात.

दोन. बॉनेट आणि ड्रायव्हरचे दार उघडायचे आणि कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत आणायची, म्हणजे ट्रकला वाटेल दार लागले. काम झाल्यावर हँडल ओढून जीभ आधी मोकळी करा, मगच दार लावा, नाही तर कुलूप तुटेल. फ्यूजच्या पेटीचे झाकण आधीच काढून ठेवा. नंतर ट्रकला हलवले, दार उघडले की तो जागा होतो आणि पहिल्यापासून वाट बघावी लागते.

तीन. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर छोट्या बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर लावा. साधा क्लॅम्प फक्त घरच्या विजेसारखा एसी करंट मोजतो, तो चालणार नाही. ट्रक लॉक करा, किल्ली दूर पाठवा, बसून राहा. करंट पायरी-पायरीने खाली येतो. सुरुवातीला बॅटरीत करंट जाताना दिसेल, म्हणजे कन्व्हर्टर भरतो आहे. तो थांबला की उलट दिशेने काही अँपिअर, मग एकेक कंट्रोलर झोपत जाईल तसा अजून कमी. शेवटी तो एका अँपिअरच्या बराच खाली, शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावला पाहिजे. तासभर थांबूनही दोन-तीन अँपिअरवर अडला, किंवा कन्व्हर्टर थांबतच नाही असे दिसले, तर कोणीतरी जागा आहे.

चार. आता फ्यूज. ओढून काढू नका. फ्यूज काढून परत लावला की त्याच्यामागचा कंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि सगळे जागे होते; कधी तो फ्यूज काढल्यानेच बिघाड नाहीसा होतो आणि दोषी हातचा निसटतो. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोके टेकवा. करंट वाहत असेल तर तिथे थोडे व्होल्टेज दिसते. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. इतर रेटिंगचे तक्ते मिळतात. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल तिथून पुढे वायरिंगचा नकाशा घेऊन चालत जा.

पाच. छोट्या बॅटरीची तब्येत. ती लेड-ॲसिड असेल तर रात्रभर झोपलेल्या ट्रकवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. १२.०-१२.१ म्हणजे पाव भागच उरला. सतत असे अर्धपोटी राहिल्याने प्लेटांवर सल्फेट चढते, क्षमता घटते, आणि मग ट्रकला ती भरायला अजून वारंवार उठावे लागते. हे चक्र आहे, स्वतःहून सुटत नाही. लिथियम फॉस्फेटची छोटी बॅटरी असेल तर हे आकडे लावू नका, ती विश्रांतीत १३ च्या वर असते.

हिशेब बघा. ५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मी उतरेपर्यंत २ अँपिअरवर साडेबारा तास लागतात, आणि १०० मिलिअँपिअरवर दहा दिवस. झोपलेल्या आणि न झोपलेल्या ट्रकमध्ये एवढा फरक असतो.

निशिगंध

पाना_बारा, हे वाचनखुणेत साठवले. एक विचारते: काहीजण लांब गावी जाताना छोट्या बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनलच काढून ठेवायला सांगतात. ते करावे का?

पाना_बारा

पेट्रोलच्या जुन्या गाडीत चालायचे. इलेक्ट्रिक ट्रकमध्ये पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच करा. बॉनेट आणि दारे विजेच्या कुलपांची असतात, वीज गेली की उघडायला आधी बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात. बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस आंधळा होतो, अलार्म वाजू शकतो, खिडक्यांची नोंद पुसली जाते. बऱ्याच ट्रकांत वाहतुकीसाठी किंवा साठवणुकीसाठी वेगळा मोड असतो, तो वापरा. मोठ्या ट्रकांना बॅटरी तोडणारा मुख्य स्विच असतो, तिथे मालवाहू सांगतील.

मालवाहू

असतो, पण ट्रक बंद करताक्षणी तो फिरवायचा नाही. कंट्रोलर आपली माहिती साठवून बंद होईपर्यंत काही मिनिटे थांबायचे, चार्जिंग चालू असताना तर हातच लावायचा नाही.

मृदुला_व

कॅमेऱ्यांबद्दल कोणी सविस्तर लिहील का? आमचा ट्रक उघड्यावर उभा असतो, हौद्यात अवजारे असतात, त्यामुळे पहारा पूर्ण बंद करणे शक्य नाही.

निशिगंध

मृदुला, पहारा पूर्ण बंद करायची गरज नाही, जागेनुसार लावा. रिव्हियन कंपनीच्या ट्रकांत गिअर गार्ड नावाचा पहारा असतो, त्यात घर सोडून बाकी ठिकाणीच चालू ठेवण्याचा पर्याय आहे. टेस्लाच्या सेंट्री मोडमध्येही घर, काम अशा जागा वगळता येतात, आणि बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की तो स्वतः बंद होतो. पहाऱ्याचा खर्च दोन-तीनशे वॉट धरला तर दिवसाला पाच ते सात युनिट. १३० युनिटच्या ट्रकला चार ते साडेपाच टक्के. कॅमेरे स्वतः थोडेच खातात, पण चित्र समजून घेणारा मुख्य कंप्युटर सतत जागा लागतो.

तुमच्यासारख्यांनी रात्रीपुरता पहारा ठेवावा, किंवा प्लग असेल तिथे उभा करून निर्धास्त चालू ठेवावा. नुसता धक्का-अलार्म त्यामानाने जवळपास फुकट असतो.

ओहम

नव्या ट्रकांत या दिशेने काम होते आहे. रिव्हियनने २०२४ मध्ये आपल्या आर१ गाड्यांची दुसरी पिढी आणली तेव्हा गाडीतले कंट्रोलर १७ वरून ७ वर आणले. वायर वाचते, वजन वाचते, आणि जागे ठेवायला कंप्युटरही कमी उरतात. जुन्या ट्रकांतही सॉफ्टवेअर अपडेटने झोप सुधारू शकते, त्यामुळे अपडेट टाळू नका. फक्त अपडेट अर्धवट डाउनलोड होऊन अडकले नाही ना ते बघा. तळघरात सिग्नल कमजोर असेल तर मोडेम जोर लावून शोधत राहतो. वायफाय पोचत असेल तर तिथे उभा करून अपडेट एकदा पूर्ण होऊ द्या.

मृदुला_व

आभार दोघांचे. शेवटचा प्रश्न: थंडीच्या रात्री सात-आठ टक्के एकदम गेलेले दिसतात आणि दुपारी चालवल्यावर त्यातले थोडे परत येतात. हे कसे काय?

ओहम

ती वीज गेलेलीच नसते. गार सेलमधून सगळी ऊर्जा काढता येत नाही, म्हणून काही ट्रक तेवढा भाग तात्पुरता वजा करून दाखवतात. बॅटरी तापली की तो परत दिसतो. म्हणून मोजणी करताना सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान साधारण सारखे असावे. सकाळची तुलना सकाळशीच करा.

याशिवाय टक्के हा मुळात अंदाज असतो. चालताना बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशेब ठेवतो, आणि ट्रक बराच वेळ शांत राहिला की सेलच्या व्होल्टेजवरून तो हिशेब दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीत एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात आणि लोक ती गळती समजतात. लिथियम फॉस्फेट बॅटरीत तर व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असते, म्हणून उत्पादक अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात. तिथे एका आठवड्याच्या आकड्यावर भांडू नये.

घाटवाट

लांब मुक्कामासाठी अजून एक. महिना-दोन महिने ट्रक सोडायचा असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सोडा, १०० टक्क्यांवर नको. भरलेला आणि तापलेला सेल सगळ्यात लवकर म्हातारा होतो. पण प्लगशिवाय सोडणार असाल तर आधी रोजची गळती मोजा. दिवसाला चार टक्के उतरणारा ट्रक ५० टक्क्यांवर सोडला तर दोन आठवड्यांतच तळाशी येईल. वाटसरूंचा मुद्दा आता मलाही पटतो.

वाटसरू

मंडळी, निकाल आला आहे.

पहिली फेरी, फक्त विजेट, ॲप आणि किल्ली दूर करून: दिवसाला साधारण अडीच टक्के. म्हणजे फरक पडला, पण ट्रक अजून जागाच होता. मग मित्राचा डीसी क्लॅम्प आणून पाना_बारा यांच्या पद्धतीने बसलो. कन्व्हर्टर थांबायलाच तयार नव्हता. ओबीडीतली डबी काढली, पुन्हा लॉक केले, आणि थोड्या वेळात करंट पायरी-पायरीने उतरायला लागला. पण तळाला गेला नाही, अर्ध्या अँपिअरच्या वर अडकला. फ्यूज तपासत गेलो तेव्हा हौद्याच्या झाकणाच्या फ्यूजवर आकडा मिळाला. झाकणाचा कंट्रोलर कायम चालू तारेवर जोडलेला आहे, मालवाहू म्हणाले अगदी तसेच. डॅशकॅम निर्दोष निघाला, तो इग्निशनमागे आहे.

डबी कायमची काढली. झाकणाला सध्या एक स्विच लावून घेतला आहे. आता उतरणे दिवसाला पाऊण टक्क्याच्या आसपास आले आहे.

छोटी बॅटरी मात्र विश्रांतीत १२.२ च्या वर जात नाही. बदलावी का?

पाना_बारा

अभिनंदन, नीट पद्धतशीर शोध घेतलात. बदलायच्या आधी तिला एकदा बाहेरच्या चार्जरने सावकाश पूर्ण भरा, एक रात्र झोपू द्या, मग मोजा आणि लोड टेस्ट करून घ्या. इतके महिने अर्धपोटी राहिली असेल तर बहुधा बदलावी लागेल. बदलताना त्याच प्रकारची आणि तेवढ्याच क्षमतेची घ्या. एजीएमच्या (लेड-ॲसिडचाच एक बंदिस्त प्रकार) जागी साधी नको, लेड-ॲसिडच्या जागी परस्पर लिथियम नको. चार्जिंगचे व्होल्टेज ट्रक ठरवतो आणि ते त्या प्रकाराला जुळलेले असते. आणि नवी बसवल्याची नोंद डायग्नोस्टिक टूलने ट्रकमध्ये करून घ्या, जिथे तशी सोय आहे तिथे. नाही केली तर ट्रक तिला जुनीच समजून पूर्वीसारखा वारंवार भरायला उठेल.

झाकणाचा स्विच तात्पुरता ठीक. नंतर इग्निशनने चालणारा रिले (विजेने आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बसवून घ्या, नाही तर रात्री अंधारात माल उतरवताना झाकण उघडत नाही म्हणून शोधत बसाल.

वाटसरू

रिले लगेच मागवतो. बॅटरीची टेस्ट झाली की आकडे इथेच टाकतो. मृदुला, त्यानंतर पहारा फक्त रात्रीपुरता चालू ठेवून त्याचाही वेगळा आकडा काढतो, तुमच्या कामाला येईल.